फोटो हलला, पण हललं कोण?

१८३८ साली लुई दागेर या फ्रेंच माणसाने पॅरिसमधल्या एका उंच खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला. 'बुलेव्हार द्यु तांप्ल' या रस्त्याच्या नावानेच तो ओळखला जातो. नेटवर लगेच सापडेल, पुढचं वाचण्याआधी एकदा बघून घ्या. रुंद रस्ता, कडेने झाडं, दाटीवाटीच्या इमारती. सगळं इतकं रेखीव की खिडक्या मोजता याव्यात. फक्त माणसं नाहीत. भर दिवसा, वर्दळीच्या रस्त्यावर कर्फ्यू लागल्यासारखी सामसूम.

रस्ता खरं तर रिकामा नव्हता. घोडागाड्या होत्या, माणसं होती. पण दागेरच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जो चालत पुढे गेला, तो पत्र्याच्या लेखी तिथे आलाच नव्हता. खाली डावीकडे एक माणूस मात्र दिसतो. एक पाय वर ठेवून तो बूट पॉलिश करून घेतोय. पॉलिशवालाही पुसटसा दिसतो. माणूस दिसणारा हा बहुधा जगातला पहिला फोटो. अख्ख्या रस्त्यातून इतिहासात जागा कोणाला मिळाली, तर जो थांबला होता त्याला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि फोटोग्राफी हा माझा शनिवार-रविवारचा नाद. ऑफिसात कोणी कॅमेरा घ्यायला निघालं की माझ्या डेस्कपाशी येतं. प्रश्न ठरलेला असतो: "बजेटमध्ये दोन लेन्स बसतायत. एकीला स्टॅबिलायझेशन आहे, दुसरीचं ॲपर्चर मोठं आहे. कोणती घेऊ?" फोन घेणाऱ्यांचा प्रश्नही फार वेगळा नसतो. ओआयएस असलेला घ्यावा की एफ/१.८ वाला? दोन्ही गोष्टी 'कमी उजेडात चांगले फोटो' या एकाच वाक्याने विकल्या जातात, त्यामुळे त्या एकच काम करतात असं वाटतं. तसं नाहीये. त्यांचं काम किती वेगळं आहे हे समजून घ्यायला त्या पॅरिसच्या रस्त्यापासून सुरुवात करणं मला सोपं वाटतं.

दोन संशयित

कमी उजेडातला फोटो पुसट येतो, तेव्हा आपण म्हणतो, "फोटो हलला." पण हललं कोण? संशयित दोन आहेत. एक, कॅमेरा धरणारा हात. दुसरा, समोरचा माणूस. शटर उघडं असताना दोघांपैकी कोणीही हललं तरी चित्र फरफटतं.

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक. एफच्या पुढचा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला भोकाच्या व्यासाने भागून आलेली संख्या. ५० मिमीच्या लेन्सचं भोक २५ मिमी असेल तर एफ/२. त्यामुळे आकडा लहान तेवढं भोक मोठं. एफ/१.४, २, २.८, ४, ५.६ अशी ही शिडी आहे. तिची प्रत्येक पायरी खाली उतरताना प्रकाश निम्मा होतो. एका पायरीला 'स्टॉप' म्हणतात. प्रकाश दुप्पट मिळाला तर शटर निम्म्या वेळात बंद करता येतं. वेळ कमी झाला की हात हलायलाही कमी वाव आणि माणूस हलायलाही. म्हणजे मोठं ॲपर्चर दोन्ही संशयितांना एकदम आवरतं.

स्टॅबिलायझेशन वेळ कमी करत नाही. शटर तेवढाच वेळ उघडं राहतं. ते फक्त पहिल्या संशयिताला, म्हणजे तुमच्या हाताला, धरून ठेवतं. समोरचा माणूस मोकळाच असतो.

चिमटा की भिंग

फोटोग्राफीच्या पहिल्या दिवसांत सगळा दोष समोरच्या माणसावर होता. कॅमेरा तिपाईवर पक्का असायचा, तेव्हा हलणार कोण, तर गिऱ्हाईकच. म्हणून स्टुडिओत डोक्यामागे लोखंडी आधार लावत. खालून एक दांडा, वर चिमट्यासारखे दोन हात, त्यात मान अडकवायची आणि श्वास रोखून बसायचं. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, तेव्हा हे सगळं आपल्याकडेही लवकर पोचलं. जुन्या घरांच्या भिंतींवर टांगलेल्या फोटोंतले पूर्वज इतके ताठ आणि गंभीर दिसतात, त्यामागे प्रतिष्ठेच्या कल्पना असतीलच, पण स्थिर बसण्याची ही सवयही आहे. पुढे प्लेटा वेगवान झाल्या तरी ती सवय बराच काळ टिकली.

माणसाला चिमट्यात धरण्याऐवजी लेन्स सुधारावी, या दिशेने पहिलं मोठं पाऊल टाकलं ते एका गणितज्ञाने. व्हिएन्नात शिकवणाऱ्या जोसेफ पेत्सवालने १८४० मध्ये पोर्ट्रेटसाठी खास लेन्स गणिताने आखली. दागेरच्या कॅमेऱ्यातली लेन्स साधारण एफ/१६ ची होती, ही एफ/३.६ च्या आसपास. आकडे भागून वर्ग केला तर प्रकाश जवळपास वीसपट. त्याआधी भोक मोठं का करत नव्हते? कारण भिंगाच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांच्या जागी येऊन मिळत नाहीत आणि चित्र धूसर होतं. कडा झाकून टाकणं हा सोपा उपाय होता. पेत्सवालने कडा न झाकता भिंगांचे आकार आणि अंतरं अशी काढली की मधला भाग धारदार राहील. फोटोच्या कडा मऊ पडायच्या, पण चेहरा मध्यभागीच असतो. ही आकडेमोड हाताने करायला त्याला ऑस्ट्रियन तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक मदतीला दिले होते, असं सांगतात. तोफगोळा कुठे पडेल याचं गणित करणारे लोक प्रकाशकिरण कुठे पडेल याचं गणित करत बसले होते, हे चित्र मला फार आवडतं. प्लेटवरच्या रसायनांतही तेव्हाच सुधारणा झाल्या आणि पोर्ट्रेटचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला.

न सांगता काढलेला फोटो

पुढची मोठी उडी १९२४ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये. एर्नेमान कंपनीने 'एर्मानॉक्स' नावाचा लहानसा कॅमेरा काढला. त्याची लेन्स लुडविग बेर्टेले या तरुण डिझायनरची. आधी एफ/२, मग एफ/१.८. तोपर्यंत घरात, रात्री फोटो काढायचा तर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे. भक्कन उजेड, मागोमाग धूर. सगळ्यांना कळायचं की फोटो निघाला.

एरिक सॉलोमन या बर्लिनच्या वकिलाने हा कॅमेरा घेतला आणि १९२८ मध्ये तो बोलर हॅटमध्ये लपवून खुनाच्या खटल्यात नेला. मग आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये तो शिरू लागला. १९३० च्या हेग परिषदेतला त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मध्यरात्र उलटून गेलेली, मंत्री खुर्च्यांमध्ये पेंगुळलेले. युरोपच्या पैशांचा हिशेब ठरवणारी माणसं थकलेली कशी दिसतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पहिल्यांदा दिसत होतं. चिमट्यात मान दिलेला मंत्री वेगळा आणि पेंगणारा मंत्री वेगळा. हा फरक मोठ्या भोकाने शक्य केला. सॉलोमन ज्यू होता. नाझी सत्तेवर आल्यावर तो नेदरलँड्सला गेला, पण सुटला नाही. १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत तो मारला गेला.

मग भोक वाढवतच जावं का? याचं उत्तर स्टॅनली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन' या १९७५ च्या सिनेमात मिळतं. अठराव्या शतकातली गोष्ट, आणि काही दृश्यं निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित करायची होती. झाइस कंपनीने नासाच्या अपोलो मोहिमेसाठी ५० मिमी एफ/०.७ ची लेन्स बनवली होती. एकूण दहा नग. त्यांतले तीन कुब्रिकने मिळवले आणि ती लेन्स बसावी म्हणून कॅमेऱ्यात फेरफार करून घेतले.

उजेड मिळाला, पण दुसरीच अडचण आली. भोक जेवढं मोठं, तेवढा फोकसमध्ये राहणारा पट्टा अरुंद. साध्या फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.४ ने एक मीटरवरचा चेहरा टिपला तर हा पट्टा जेमतेम तीन सेंटीमीटरचा असतो. डोळा स्पष्ट, कान धूसर. एफ/०.७ ला तर त्याहून निम्मा. मेणबत्तीच्या त्या दृश्यांत नट पुढे-मागे फार हलू शकत नव्हते. फोकस सांभाळणाऱ्याला अंतर कळावं म्हणून बाजूला एक व्हिडिओ कॅमेरा लावावा लागला होता. म्हणजे भोक वाढवत नेलं की एका टोकाला पुन्हा स्टुडिओतला चिमटा हजर होतो. तेव्हा सांगत होते, वेळ संपेपर्यंत हलू नका. आता सांगतात, पट्ट्याबाहेर जाऊ नका. मोठं ॲपर्चर फुकट मिळत नाही, हे लेन्स विकणाऱ्याने सांगितलं नाही तरी कुब्रिकचा सिनेमा सांगतो.

हाताचा बंदोबस्त

आपण हात कितीही घट्ट धरला तरी तो सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो. लांबच्या लेन्समध्ये ही थरथर मोठी होऊन दिसते. फिल्मच्या काळापासूनचा एक ठोकताळा आहे: २०० मिमीची लेन्स हातात धरायची तर शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका.

या थरथरीवरचा इलेक्ट्रॉनिक उपाय आला गाड्यांच्या बाजूने. जपानमधल्या मात्सुशिताचे, म्हणजे आजच्या पॅनासोनिकचे, इंजिनिअर मित्सुआकी ओशिमा गाडीच्या नेव्हिगेशनसाठी कंपनावर चालणाऱ्या जायरोवर काम करत होते. गाडी किती वळली हे ज्या सेन्सरला कळतं, त्याला हात किती वळला हेही कळेल, हा विचार त्यातून निघाला. १९८८ मध्ये कंपनीचा पीव्ही-४६० हा कॅमकॉर्डर स्टॅबिलायझेशनसकट बाजारात आला. फोटोच्या कॅमेऱ्यात ते १९९४ च्या निकॉन झूम ७०० व्हीआरने आणलं. १९९५ मध्ये कॅननची ७५-३०० मिमीची लेन्स आली, एसएलआरसाठी अशी पहिलीच.

आतलं काम आमच्या धंद्यातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. एक जायरो कॅमेरा वर-खाली किती वेगाने वळतोय ते मोजतो, दुसरा डावी-उजवीकडचं. चिप त्या वेगावरून कोन काढते आणि चुंबकाच्या जोरावर लेन्समधलं एक भिंग उलट दिशेला सरकवते. मग पुन्हा मोजते, पुन्हा सरकवते. एक साधं लूप, फक्त प्रचंड वेगाने फिरणारं.

कॅननच्या त्या पहिल्या लेन्सचं ॲपर्चर एफ/४-५.६ होतं. म्हणजे ही सोय आधी आली ती ज्यांना मोठं, जड, महाग भिंग परवडत नाही अशा लोकांच्या लेन्समध्ये. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. काच महाग असते, कारण ती वजनावर आणि घासण्यावर जाते. सेन्सर आणि चिप दर वर्षी स्वस्त होतात. २००६ मध्ये कॅननच्या ७०-२०० मिमीच्या रांगेत हा प्रश्न अगदी आमनेसामने उभा होता. स्टॅबिलायझेशन नसलेली एफ/२.८ लेन्स १,३१० ग्रॅमची होती. त्या वर्षी आलेली स्टॅबिलायझेशनसह एफ/४ लेन्स होती ७६० ग्रॅमची. जड लेन्स एक स्टॉप जास्त प्रकाश देत होती. हलकी लेन्स हाताच्या थरथरीपुरते चार स्टॉप वाचवण्याचा दावा करत होती. कागदावर चार विरुद्ध एक. हिशेब संपला असं वाटतं.

आता तीच लेन्स शाळेच्या गॅदरिंगला घेऊन जा. स्टेजवरच्या उजेडात एफ/४ ला समजा १/६० सेकंद मिळतंय, तर एफ/२.८ ला १/१२५ मिळेल. एफ/४ वाल्याचा हात स्टॅबिलायझेशनने आवरला. मागचा पडदा, त्यावरची झालर, 'वार्षिक स्नेहसंमेलन' ही अक्षरं, सगळं लख्ख येईल. आणि लावणीवर नाचणारी मुलगी धुरासारखी दिसेल. उजेड अजून कमी करा, शटर १/१५ वर न्या. चार स्टॉपचा दावा अजूनही खरा आहे, पडदा अजूनही लख्ख आहे. नाचणाऱ्या मुली मात्र पुसत चालल्यात. दागेरचा रस्ता परत आला. इमारती स्पष्ट, माणसं गायब.

म्हणून चार विरुद्ध एक ही तुलनाच चुकीची आहे. ते चार स्टॉप फक्त थांबलेल्या गोष्टींसाठी आहेत. तो एक स्टॉप सगळ्यांसाठी आहे.

आजीचे हात

माझ्या आजीला कंपवात आहे. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. वर एकच ट्यूब. माझ्याकडच्या स्टॅबिलायझेशनवाल्या झूमने मी १/१० सेकंदाला फोटो घेतला. मागच्या फरशा, स्टीलचे डबे, तिच्या लुगड्याचा काठ, सगळं स्थिर. तिची बोटं म्हणजे नुसती एक हालचाल. मग ५० मिमी एफ/१.८ लावून १/१०० ला घेतला. बोटं थांबली, मेथीचं पान न् पान दिसलं, मागचे डबे विरघळून गेले, दुसरा हातही थोडा फोकसबाहेर गेला.

दुसरा फोटो तिने बराच वेळ बघितला. "अगं, हे माझे हात? बरे झाल्यासारखे दिसतायत."

दोन्ही फोटो मी ठेवलेत. पहिल्या लेन्सने माझ्या हाताची थरथर काढून टाकली आणि तिची ठेवली. दुसरीने दोघींची काढली. कुठला खरा, हे लेन्सच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तांत्रिक वाटणारी ही निवड शेवटी समोरच्या माणसाचं काय ठेवायचं याची निवड असते, एवढं मात्र मला त्या संध्याकाळी कळलं.

खिशातला कॅमेरा

फोनमध्ये हा झगडा आणखी अवघड होतो, कारण जागाच नसते. काही वर्षांपूर्वीच्या बहुतेक फोनच्या मुख्य लेन्सची फोकल लेंग्थ चार मिमीच्या आसपास होती. तिला एफ/१.८ म्हटलं तरी भोक दोन मिमीहून जरासंच मोठं. तेवढंच दृश्य टिपणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या २८ मिमी एफ/१.८ लेन्सचं भोक पंधरा मिमीपेक्षा मोठं असतं. आकडा तोच, पण गोळा होणारा प्रकाश जवळपास पन्नासपट. म्हणून फोनच्या एफ आकड्यावर भाळू नका.

२०१२ मध्ये नोकियाच्या लुमिया ९२० ने फोनमध्ये ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणलं. स्प्रिंगांवर अख्खी लेन्सच तरंगत ठेवली होती. त्याच्या जाहिरातीतला व्हिडिओ मात्र फोनने काढलाच नव्हता. खिडकीच्या काचेत खऱ्या कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसलं आणि नोकियाला माफी मागावी लागली. २०१८ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ असं बदलतं भोक दिलं. दोनच वर्षांत एस२० मधून ते काढूनही टाकलं. फोनच्या जगात काच हरत होती आणि सॉफ्टवेअर जिंकत होतं.

त्याच २०१८ मध्ये गुगलने पिक्सेल फोनवर 'नाइट साइट' आणलं. एक लांब फोटो काढण्याऐवजी ते हातात धरून कमाल पंधरा छोटे फोटो काढतं, एकमेकांवर नीट बसवतं आणि मिसळतं. शटर दाबण्याआधी फोन समोरच्या दृश्यात किती हालचाल आहे हे मोजतो. सगळं स्थिर असेल तर प्रत्येक फोटोला जास्त वेळ देतो, माणसं हलत असतील तर कमी. मिसळताना जो भाग जुळत नाही तो सोडून देतो. त्यामुळे हलणारा माणूस भुतासारखा न दिसता थोडा खरखरीत दिसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. एकशे ऐंशी वर्षांनी कॅमेराच स्वतःला विचारायला लागला होता, "हलतंय कोण?"

तरी नाइट मोडमध्ये अडीच वर्षांच्या भाच्याचा फोटो काढून बघा. फोन कितीही हुशार असला तरी न मिळालेला प्रकाश तो निर्माण करू शकत नाही.

तर मग कोणती घेऊ?

गड, देवळं, रात्रीचं शहर, संग्रहालयं, चालता-चालता काढलेला व्हिडिओ हे तुमचं काम असेल तर स्टॅबिलायझेशन घ्या आणि तिपाई घरी ठेवा. मुलं, नाच, कबड्डी, कुत्री-मांजरं, लग्नातली हळद हे तुमचं काम असेल तर मोठं ॲपर्चर घ्या, आयएसओ वाढवायला घाबरू नका, आणि फोकसचा पट्टा अरुंद आहे हे लक्षात ठेवून दोन-चार फोटो जास्त काढा. मिनोल्टाने २००३ मध्ये लेन्सऐवजी कॅमेऱ्यातला सेन्सरच सरकवायला सुरुवात केली. आज अनेक कॅमेऱ्यांत ही सोय आतच असते. तुमच्या कॅमेऱ्यात ती असेल तर प्रश्नच मिटला, सगळे पैसे काचेवर घाला.

दुकानदार आधी बजेट विचारेल. त्याला उत्तर देण्यापूर्वी फोनची गॅलरी उघडून गेल्या वर्षभरातले पुसट आलेले फोटो बघा. ते बहुतेकांनी डिलीट केलेले नसतात, कारण त्यांत कोणीतरी आपलं असतं. त्यांत भिंतसुद्धा हललेली दिसते की फक्त माणूस? भिंतही हलली असेल तर हात तुमचा आहे. फक्त माणूस हलला असेल, तर तो तुमच्यासाठी थांबणारा नाही. लेन्स त्याच्या वेगाची घ्या.